आधी काळजी की आधी दारू?

(१९८४च्या दहावीच्या बॅचच्या चाळीसाव्या स्नेहमेळाव्यात ‘आपले आरोग्य’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधी मधुमेह झाला, माझ्यानंतर गुडघेदुखी आहे. मधल्या वीस मिनिटांत मी मानसिक आरोग्यावर ‘काहीतरी हलकंफुलकं’ बोलावं, अशी संयोजकांची सूचना होती. मी विषय जरा अरुंद करून घेतला आहे. दारूचं व्यसन आणि त्याच माणसाला चिंतेचा आजार, अशी जोडी असेल तर औषधं कोणती, त्यांतली कामाची कोणती आणि घातक कोणती, एवढंच मी बोलणार आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला तीन तास उरलेले असताना हा विषय काढणं हा दुष्टपणा आहे, असं समितीतल्या एका मित्राने मला मघाशी सांगितलं. पत्रिकेत त्या कार्यक्रमाला ‘गप्पांची बैठक’ हे नाव त्यानेच दिलं आहे.

विषय निवडायला कारण घडलं. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून आपल्याच बॅचमधून मला तीन फोन आले. एक स्वतः पिणाऱ्याचा, एक एका मित्राच्या बायकोचा, एक भावासाठी आपल्या एका मैत्रिणीचा. तिघांचं मागणं शब्दशः एक होतं. ‘तो टेन्शनमुळे पितो गं. तू टेन्शनची एखादी चांगली गोळी लिहून दे, म्हणजे दारू आपोआप सुटेल.’ या वाक्यात निम्मं खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्यामुळे माणसं दगावतात. म्हणून ते जरा सोडवून बघू.

निम्मं खरं आहे, ते असं. चिंताविकार असणाऱ्यांत दारूचं व्यसन इतरांच्या दुप्पट-तिप्पट आढळतं, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. आपल्यातलाच एक जण, ज्याने मला नाव न घेता बोलायची परवानगी दिली आहे, त्याचं उदाहरण देते. मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायला सांगितलं की त्याच्या हातातलं पुस्तक थरथरायचं. घाम फुटायचा, आवाज जायचा. तो वेळ मारून न्यायला पोटात दुखतंय म्हणायचा. पुढे नोकरी लागली, बढती मिळाली, मग बैठका आल्या, साहेबांसमोर बोलणं आलं. एका मोठ्या बैठकीआधी सहकाऱ्याने त्याला एक पेग पाजला. त्याच्याच शब्दांत, ‘आयुष्यात पहिल्यांदा माझे हात माझे वाटले.’ सांगा, असं औषध कोण सोडेल? पाच वर्षांत तो एक पेग क्वार्टरवर गेला, आणि पुढच्या पाचांत सकाळी दात घासायच्या आधी बाटली लागायला लागली. पण त्या सकाळच्या बाटलीचं कारण शाळेतली थरथर नव्हती. ती थरथर दुसरीच होती.

ती समजायला एसटीचा घाट डोळ्यांपुढे आणा. आपल्या मेंदूत एक ब्रेक असतो, गाबा नावाच्या रसायनाचा, आणि एक ॲक्सिलरेटर, ग्लुटामेटचा. दारू ब्रेकवर पाय देते, म्हणून दोन घोटांत जीव शांत होतो. पण रोज कुणी बाहेरून ब्रेक दाबत असेल तर मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो, गाडी सारखी राहावी म्हणून. मग रात्रीची दारू उतरते. बाहेरचा पाय ब्रेकवरून निघतो, आतला ब्रेक आधीच ढिला, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पहाटे चारला जाग, छातीत धडधड, हात कापतात, काहीतरी वाईट होणार अशी भीती. माणूस म्हणतो, ‘बघा, मला किती टेन्शन आहे,’ आणि एक घोट घेतो. धडधड थांबते. त्याला वाटतं दारूने काळजी घालवली. खरं म्हणजे ती काळजी कालच्याच दारूने आणलेली असते.

म्हणून माझ्या ओपीडीत पहिला प्रश्न हाच असतो की काळजी आधी आली की दारू? आठवीत, नववीत कसे होतात? मध्ये कधी दोन-तीन महिने दारू बंद होती का, श्रावणात, गणपतीत, काविळीनंतर? तेव्हा काळजी होती की गेली होती? इथे जुने वर्गमित्र आणि शिक्षक डॉक्टरपेक्षा चांगली माहिती देतात, कारण पिण्याआधीचा माणूस तुम्ही पाहिलेला असतो. उत्तर नीट मिळालं नाही, तर दारू बंद करून दोन ते चार आठवडे थांबायचं आणि पुन्हा बघायचं. पुष्कळांची काळजी एवढ्या काळात औषधाशिवाय ओसरते. ज्यांची उरते, त्यांचा चिंताविकार वेगळा धरायचा आणि त्यावर वेगळा उपचार करायचा. अर्थात, पिण्याच्या खूप आधीपासूनचा त्रास स्पष्ट दिसत असेल तर मी महिनाभर हातावर हात ठेवून बसत नाही.

पण दारू बंद करायची कशी, इथेच मोठा धोका आहे. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत. मीही पाहिली आहेत आणि मला त्यांचा आदर वाटतो. मात्र जो सकाळपासून पितो, ज्याचे हात दारूशिवाय कापतात, त्याने माळ घालो की देवळात शपथ घेवो, एका दिवसात पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार नसले तर यात मृत्यू होतो. गावाकडे याला ‘बाहेरचं झालं’ म्हणतात आणि त्या दोन दिवसांत भगत शोधला जातो.

या टप्प्यावर औषध निर्विवाद आहे. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, आणि यकृत खराब असेल तर लोराझेपाम. ही बेंझोडायझेपिन गटाची औषधं त्याच गाबाच्या ब्रेकवर काम करतात, म्हणजे गाडी हळूहळू घाट उतरवतात. पाच ते दहा दिवसांत डोस कमी करत बंद करायची. सोबत थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, शक्यतो इंजेक्शनने, आणि ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी किंवा निदान बरोबर. ‘अशक्तपणा आहे, एक सलाइन लावा’ असा घरच्यांचा आग्रह असतो. पण थायमिनची उणीव असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मृती जाऊ शकते. गोळी स्वस्त आहे, इंजेक्शन स्वस्त आहे, आणि तरी ते राहून जातं.

आता जे मागणं फोनवर येतं, ते याच गटाचं असतं. अल्प्राझोलाम. ‘अर्धी रात्री घेतो, काही होत नाही.’ दहा दिवसांत जे औषध जीव वाचवतं, तेच दहा महिने घेतलं की दुसरं व्यसन होतं. कारण ब्रेकवरचा पाय तोच, फक्त बूट बदलला. दारू आणि ती गोळी एकत्र गेली तर झोपेत श्वास मंदावतो, कधी थांबतो. ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने नोंद ठेवायची. तरी ओळखीवर मिळतात, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. ज्याच्याबद्दल बोलले तो मित्र तीन वर्षं दारू आणि ही गोळी दोन्ही घेत होता, आणि दुकानदार त्याला ‘साहेब’ म्हणायचा. आज जे कुणी रोज घेत असतील त्यांनी हे ऐकून आजच फेकून देऊ नका. तीही एकदम सोडली तर फिट येते. हळूहळू उतरवावी लागते.

मग काळजीसाठी द्यायचं काय? सर्ट्रालिन, एसिटालोप्राम या गटातली औषधं. यांची सवय लागत नाही, नशा होत नाही. यांचा दोष म्हणजे ती सावकाश चालतात. चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. जो माणूस दोन घोटांत शांत व्हायला सरावलेला आहे त्याला सहा आठवडे थांब म्हणणं म्हणजे काय, ते माझ्या लक्षात येतं. म्हणून हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो आठव्या दिवशी गोळी सोडतो. त्याबरोबर विचारांची आणि सवयींची फेररचना करणारी समुपदेशनाची पद्धत, ज्याला सीबीटी म्हणतात, ती चिंताविकारात औषधाच्या तोडीची आहे. टाळलेल्या बैठकीला थोडं थोडं करून सामोरं जाणं गोळी शिकवत नाही.

‘टेन्शन गेलं की दारू आपोआप सुटेल’ याची नीट तपासणी झालेली आहे. अमेरिकेत चार्ल्सटन इथल्या वैद्यकीय विद्यापीठात, चारचौघांत बोलण्याची भीती आणि सोबत दारूचा त्रास असलेल्या लोकांना याच गटातलं पॅरॉक्सेटिन दिलं गेलं. २००८ साली निष्कर्ष छापून आले. भीती स्पष्ट कमी झाली. चारचौघांत जाण्यासाठी दारूचा आधार घेणंही कमी झालं. पण एकूण दारू मात्र खोट्या गोळीवाल्यांइतकीच राहिली. म्हणजे काळजीने दार उघडलेलं असतं हे खरं, पण आत आल्यावर दारू स्वतःचं बिऱ्हाड मांडते. दोन्ही आजारांना वेगवेगळं, आणि एकाच वेळी, औषध लागतं.

दारूच्या ओढीवरची औषधं आपल्या देशात मिळतात आणि फार थोड्यांना माहीत असतात. नाल्ट्रेक्सोन, रोज पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी. दारूने मेंदूत जी मजा येते तिची धार ते बोथट करतं. ‘पहिल्या पेगनंतर दुसरा हवासा वाटत नाही,’ असं रुग्ण सांगतात. अमेरिकेत दारूच्या उपचारासाठी त्याला १९९४ साली मान्यता मिळाली. यकृताची तपासणी करून द्यायचं, आणि ज्याला ट्रामाडॉलसारखं अफूच्या जातीचं वेदनाशामक चालू आहे त्याला द्यायचं नाही. गुडघेदुखीवाल्यांनी हे विशेष ऐका. दुसरं ॲकॅम्प्रोसेट. हे फ्रान्समधून आलं. दारू सोडल्यावर महिनोन्महिने जी आतली तगमग, अर्धवट झोप, विनाकारण अस्वस्थता राहते, ती ते शांत करतं, त्यामुळे चिंतावाल्या रुग्णाचा विचार करताना मला ते आधी आठवतं. यकृतावर त्याचा भार नाही, मूत्रपिंडावर आहे. गैरसोय म्हणजे दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या.

किती उपयोग होतो? २०१४ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सगळ्या चाचण्यांची एकत्र गोळाबेरीज आली. साधारण बारा जणांना ॲकॅम्प्रोसेट दिलं तर एक जास्तीचा माणूस दारूपासून पूर्ण दूर राहतो. बारा जणांना नाल्ट्रेक्सोन दिलं तर एक जास्तीचा माणूस बेसुमार पिण्याकडे परत जात नाही. ‘बारात एकच?’ असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. इथले निम्मे जण रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या ज्या गोळ्या रोज घेतात, त्यांचे आकडे याहून फार चांगले नाहीत. त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही, कारण रक्तदाब हा आजार आहे आणि दारू हा चारित्र्याचा प्रश्न, असं आपण ठरवून टाकलं आहे.

तिसरं औषध सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. डायसल्फिराम. कोपनहेगनमध्ये १९४०च्या दशकात जंतांवर औषध शोधताना दोन डॅनिश संशोधकांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, आणि दारू घेतल्यावर आपली अवस्था वाईट होते हे त्यांच्या लक्षात आलं. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना त्याच जातीच्या रसायनांमुळे दारू सोसत नाही, हे त्याआधीच दिसलं होतं. ही गोळी घेऊन दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. दारूची ओढ ती कमी करत नाही, भीती घालते. मुंबईतल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी २००४ साली शंभर पुरुषांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. डायसल्फिराम घेणाऱ्यांत ८६ टक्के वर्षअखेर दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनवाल्यांत ४४ टक्के. ओढ मात्र नाल्ट्रेक्सोनने जास्त कमी झाली होती. पण आकड्याच्या मागे एक अट होती. प्रत्येक रुग्णाच्या घरात कुणीतरी रोज गोळी देणारं, बघणारं होतं, आणि रुग्णाला आपण काय घेतोय ते पूर्ण माहीत होतं.

आपल्याकडे काय होतं? रिक्षांच्या पाठीवर आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर लिहिलेलं असतं, ‘न सांगता दारू सोडवा’. मग ती पूड चहात, आमटीत, भाजीत कालवली जाते. बायका हे मुकाट करतात, कारण त्यांच्यापाशी दुसरा उपाय उरलेला नसतो. त्यांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या पुडीत काय आहे ते माहीत नसतं, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर नवरा बाहेर पिऊन येईल आणि रस्त्यात कोसळेल. हृदयाचा त्रास असेल तर उठणारही नाही. चिंतावाल्या माणसात आणखी एक गुंता होतो. त्या प्रतिक्रियेतली धडधड त्याच्या भीतीच्या झटक्यासारखीच असते. मग तो त्यानंतर प्रत्येक धडधडीला मरणच समजतो. मैत्रिणींनो, घरात कुणी असं काही सुचवत असेल तर कृपा करून थांबवा.

बॅक्लोफेनबद्दल मला सगळ्यांत जास्त विचारतात, कारण इंटरनेटवर त्याची मोठी कथा आहे. ऑलिव्हिये अमेझाँ नावाचे फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ न्यूयॉर्कमध्ये नाव कमावून होते. चिंता त्यांना आधीपासून, दारू मागून. सगळे उपचार थकल्यावर त्यांनी २००४मध्ये स्नायू शिथिल करणारं हे जुनं औषध स्वतःवर सुरू केलं, २७० मिलिग्रॅमपर्यंत नेलं, आणि पुढच्या वर्षी तो अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापला. दारूची ओढ पूर्ण गेली, आणि काळजीही, असं त्यांनी लिहिलं. फ्रान्समध्ये लाट उसळली. नंतरच्या चाचण्यांचं उत्तर संमिश्र आलं, आणि २०१८ साली तिथे मान्यता मिळाली ती ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. माझं मत विचाराल तर एका माणसाच्या सुटकेवरून सगळ्यांचा डोस ठरत नाही. मात्र यकृताचा सिरॉसिस झालेल्यांसाठी ते मोलाचं आहे. २००७ साली इटलीतल्या डॉक्टरांनी अशा ८४ रुग्णांना दिवसाला ३० मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दिली. बॅक्लोफेनवाल्यांत ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, दुसऱ्या गटात २९. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा कुणी त्यावर पीत राहिला, तर हेच औषध बेशुद्धीत नेतं. गाबापेंटिनचंही असंच. झोप आणि अस्वस्थता दोन्हींना उपयोगी, पण श्वासाचा आजार असेल तर जपून, आणि काही जण त्याचीही सवय लावून घेतात.

२०१९ साली दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. सुमारे सोळा कोटी भारतीय दारू पितात आणि पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे. व्यसनी म्हणावं अशा ३८ जणांत एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो. आपल्या महाराष्ट्रात तर पिण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि कायद्याच्या भाषेत तो आरोग्य राखण्यासाठी असतो. तेवढ्या सहजतेने उपचाराची चिठ्ठी मिळती तर बरं झालं असतं.

बायकांबद्दल एक सांगून ठेवते. पाहणीत त्यांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास दिसतं. माझ्याकडे ज्या येतात त्या झोपेची तक्रार घेऊन येतात, मुलं परदेशी असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला खरं सांगतात. त्यांना कुणी शिवी देऊन आणत नाही, कारण घरात कुणाला माहीतच नसतं. त्या आपल्या पिढीच्या आहेत.

मदत कुठे मिळेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. फक्त एक लक्षात असू द्या, तिथल्या एखाद्या जुन्या सदस्याने ‘गोळ्या कशाला, मनोबल ठेव’ म्हटलं तरी काळजीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

बाई मघाशी हळूच विचारत होत्या, की औषध किती दिवस घ्यायचं. दारूच्या ओढीचं निदान सहा महिने, बहुतेकदा वर्षभर. काळजीचं, बरं वाटायला लागल्यापासून वर्षभर, आणि मग हळूहळू कमी. मधे एखादा दिवस पाय घसरला तर गोळी थांबवायची नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायचं. अपवाद डायसल्फिरामचा. त्यावर पिणं झालं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, आणि ती गोळी पुन्हा सुरू करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आज रात्रीच्या बैठकीत ज्याने ग्लासात सोडा घेतला असेल, त्याला कारण विचारू नका आणि ‘एकाने काय होतंय’ म्हणून भरू नका. तो कदाचित नाल्ट्रेक्सोनवर असेल, कदाचित डायसल्फिरामवर, आणि दुसऱ्या प्रसंगात तुमच्या आग्रहाचा शेवट अतिदक्षता विभागात होईल. मी उद्या सकाळच्या न्याहारीपर्यंत इथेच आहे. ग्रंथालयाच्या मागची, पूर्वी चित्रकलेची होती ती खोली समितीने मला दिली आहे. साडेसहापासून दार उघडं असेल, आणि आत एका वेळी एकालाच बसता येईल अशा दोनच खुर्च्या ठेवायला मी सांगितलं आहे.